कुत्रं सारखं घरातून पळतं? मिस्त्री बोलवण्याआधी वेळ लिहून ठेवा

नागपुरात कुत्रं पळायला लागलं की पहिला उपाय ठरलेला असतो. कंपाउंडवर विटांचे दोन थर चढवायचे, गेटला खालून जाळी मारायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर साखळी आणायची. पैसे जातात, वेल्डरच्या मागे चकरा होतात, आणि पुढच्याच आठवड्यात ओळखीच्या पानठेल्यावरून फोन येतो, "भाऊ, तुमचं कुत्रं इथंच बसलंय." भिंत उंच झाली खरी, पण ते भिंतीवरून जातच नव्हतं. दूधवाला आला की गेटमधून जात होतं.

कुत्रं कुठून निसटतं हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. ते कशासाठी जातं, किंवा कशाला भिऊन जातं, हा पहिला. मादीच्या वासावर गेलेलं, फटाक्याला भिऊन गेलेलं आणि चिकनच्या दुकानाकडे गेलेलं, अशी तीन कुत्री एकाच फटीतून गेली तरी तिघांचा इलाज वेगळा. नुसती फट बुजवली तर पहिलं नवी फट शोधतं, दुसरं जाळीत पाय फाडून घेतं आणि तिसरं गेटशी बसून दिवसभर केकाटतं.

आधी काय लिहायचं

फ्रिजवर एक कागद लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुत्रं निसटलं की वेळ लिहायची, कोणत्या बाजूला गेलं ते लिहायचं, गेट कुणी उघडलं होतं आणि तेव्हा बाहेर कसला आवाज चालू होता तेही. परत कसं आलं हे तर हमखास लिहा, कारण खरी माहिती तिथंच मिळते. तट्ट पोटानं आलं आणि रात्रीची पोळी हुंगून सोडून दिली, म्हणजे बाहेर कुणीतरी खाऊ घालतंय. कान फाटलेला, मानेवर दातांच्या खुणा, तर ते मादीमागच्या टोळक्यात होतं. अंगभर कुसळं चिकटली असतील तर बाजूच्या रिकाम्या प्लॉटमध्ये डुकरांच्या नाहीतर मुंगसाच्या मागे धावलं. पोटाखाली ओला चिखल असेल तर नाल्यात बसून आलं, आणि मे महिना असेल तर त्याला बोलण्यात काही अर्थ नाही.

दोन-तीन आठवड्यांत नमुना दिसू लागतो. मानेवाड्याकडच्या एका घरातलं कुत्रं फक्त बुधवारी आणि रविवारी जायचं. घरच्यांना वाटायचं, त्याला वार कळतात. वार कळत नव्हते. मंगळवार, गुरुवार, शनिवार न खाणारी गिऱ्हाइकं बुधवारी-रविवारी चिकन सेंटरवर गर्दी करतात, आणि त्या दिवशी मागच्या बाजूला टाकाऊ तुकड्यांचा ढीग पडतो. वारा तिकडून आला की झालं.

कधीकधी कागद दोन कारणं एकत्र दाखवतो आणि गोंधळ होतो. आपल्याकडे मारबत, म्हणजे पुतळ्यांची वाजतगाजत मिरवणूक, निघते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद लागतो तेव्हाच. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं कुणाला सांगायला नको. महाल-इतवारीत राहणाऱ्याचं नर कुत्रं त्या दिवसांत पळालं तर ते ढोल-ताशांना भिऊन पळालं की माजावरच्या मादीमागे गेलं? पळण्याची तऱ्हा बघा. भ्यालेलं कुत्रं शेपूट पोटाशी घेऊन, कान मागे टाकून, आवाजाच्या उलट दिशेला सुसाट जातं आणि हाक मारली तरी वळून बघत नाही. मादीमागे जाणारं नाक जमिनीला लावून, जागोजागी मुतत, एकाच बाजूला जातं, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच बाजूला. पहिल्याला मिरवणुकीच्या दिवशी बंद खोली लागते, दुसऱ्याला पशुवैद्य.

गेट: दहातल्या सात-आठ घरांचं उत्तर इथंच असतं

हा आकडा मोजलेला नाही, अंदाज आहे. पण नागपूरच्या लेआउटमधली घरं बघितली की तो पटेल. समोर लोखंडी गेट, आत गाडी लावायला जागा, आणि सकाळी सहा ते दहा ते गेट सतत उघडमिट. दूध, पेपर, कचरागाडीचं गाणं ऐकून धावत निघालेल्या काकू, शाळेच्या ऑटोत बसणारी पोरं, भांडीवाली बाई, नोकरीवर निघालेली दुचाकी. दुचाकी सगळ्यात वाईट. दोन्ही हातांनी हँडल धरून माणूस मागे-मागे गाडी काढतो, त्या वेळी गेट सताड उघडं असतं आणि ते लावायला त्याच्याकडे तिसरा हात नसतो. उन्हाळ्यात यात भर पडते संध्याकाळची. कूलरमध्ये पाइप सोडायचा, अंगणात पाणी मारायचं, टँकर येणार असेल तर गेट आधीच उघडून ठेवायचं.

कुत्र्याला ही वेळ तुमच्यापेक्षा चांगली पाठ असते. म्हणून "सगळ्यांनी लक्ष ठेवा" हा नियम दोन दिवस टिकतो. लक्ष ठेवायची गरजच पडू नये अशी सोय करावी लागते.

गेटच्या एका पाखाला स्प्रिंगची बिजागरी बसवा, म्हणजे माणूस आत आला की ते आपोआप लागेल. वेल्डरला सांगितलं तर तो जुन्या गेटलाही लावून देतो. कडी अशी हवी की ती वर उचलून पुन्हा बाजूला सरकवावी लागेल. नुसती वर उचलायची कडी देशी कुत्री नाकानं उघडतात, आणि एकदा जमलं की विसरत नाहीत. गेटच्या खालची फट मोजताना कुत्र्याच्या पोटाचा विचार करू नका, डोक्याचा करा. डोकं गेलं की उरलेलं अंग चपटं होऊन जातंच. सरकत्या गेटवाल्यांनी भिंत आणि गेट यांच्यामधली उभी फट बघावी. ती कुणाच्या लक्षात येत नाही आणि पॉमेरेनियनला पुरून उरते.

जागा असेल तर गेटच्या आत चार-पाच फुटांवर दुसरं हलकं दार करा. पाइप आणि तारेच्या जाळीचं, कमरेएवढं असलं तरी चालेल. पहिलं दार उघडं राहिलं तर दुसरं लागलेलं असतं. मी बघितलेल्या उपायांत पैसे वसूल करणारा हाच. मिस्त्री लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही, भाड्याचं घर सोडताना उचलून नेता येतं. फ्लॅटवाल्यांना हेच काम जाळीचं सेफ्टी डोअर करतं, अट एवढीच की कुरिअरवाल्यासाठी दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत.

आणि कुत्र्याला गेटशी बसायला शिकवा. रोज फिरायला नेताना गेट उघडायचं, ते पुढे झेपावलं की लगेच बंद करायचं, बसलं की पुन्हा उघडायचं. बसून राहिल्याशिवाय बाहेर जायला मिळत नाही हे त्याला कळेपर्यंत पहिले काही दिवस फिरणं दहा मिनिटांनी उशिरा सुरू होईल, एवढाच त्रास. पण हे घरातल्या प्रत्येकानं करायला हवं. एक आजोबा जरी "जाऊ दे रे बिचाऱ्याला" म्हणाले तर शिकवलेलं मातीत.

नर आणि भाद्रपद

नर कुत्रं वयात आल्यावर अचानक जायला लागलं असेल, जेवण सोडत असेल, रात्री दाराशी रडत असेल, तर भिंतीचा विचार बाजूला ठेवा. आजूबाजूला कुठेतरी मादी माजावर आहे. मादीचा माज साधारण तीन आठवडे चालतो, आणि वास गल्ल्या ओलांडून येतो.

नसबंदीनं हे थांबतं का? बऱ्याच अंशी. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९७ मध्ये प्रौढ नर कुत्र्यांवर केलेला अभ्यास आजही उद्धृत होतो. त्यात भटकणं, जागोजागी मुतणं आणि अंगावर चढणं या तीन सवयी ६० टक्के किंवा त्याहून जास्त कुत्र्यांत निम्म्यानं तरी कमी झाल्या. जवळजवळ पूर्ण थांबल्या त्या २५ ते ४० टक्क्यांत. कुत्र्याचं वय किती आणि सवय किती जुनी, यानं फारसा फरक पडला नाही. "आता चार वर्षांचा झाला, आता काय उपयोग" हे म्हणून टाळणाऱ्यांनी ते वाक्य सोडून द्यावं. मात्र चिकनच्या दुकानाकडे जाणारं कुत्रं नसबंदीनंतरही चिकनच्या दुकानाकडेच जाईल. म्हणून आधी कागद.

शस्त्रक्रियेनंतर लगेच फरक दिसला नाही तर डॉक्टरांवर चिडू नका. हार्मोन उतरतात, सवय मागे रेंगाळते, आणि पहिले काही आठवडे नराकडून मादी गाभण राहू शकते. तेवढे दिवस त्याला पट्ट्याविना सोडू नका. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची वाढ पूर्ण होऊ द्यावी असं बरेच पशुवैद्य सांगतात, तेव्हा लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डची वेळ त्यांनाच विचारा. घराजवळ भरवशाचे डॉक्टर नसतील तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

मादीच्या बाबतीत लोक एका ठिकाणी हमखास फसतात. रक्त थांबलं म्हणजे धोका टळला असं धरून तिला अंगणात सोडतात. उलट आहे. साधारण पहिले नऊ-दहा दिवस रक्त जातं, आणि ते फिकट होऊ लागतं तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. आधी दाराशी बसणारी मादी याच दिवसांत स्वतःहून बाहेर धावते. पूर्ण तीन आठवडे सांभाळा.

अशा भटकंतीतून येणारा एक आजार सांगायलाच हवा. गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ असते. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढते, रक्त ठिबकतं, आणि मालकाला आठवडेच्या आठवडे कळत नाही. वेळेत दाखवलं तर इंजेक्शनांनी बरी होते.

पानठेला, सावजी आणि शेजारच्या काकू

रोज एकाच वेळी जाणारं आणि आनंदात परत येणारं कुत्रं बहुतेक कुणाकडे तरी पाहुणचाराला जातं. सावजी भोजनालयाच्या मागची हाडं, पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीत बुडवून टाकलेला पाव, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी रात्री दूध-पोळी ठेवणाऱ्या काकू. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. त्यांना कुत्र्याचं नाव सांगा, फोन नंबर द्या आणि विनंती करा की हे आलं तर काही घालू नका, मला फोन करा. पानठेल्यावरचे पोट्टे अशा वेळी फार कामाचे असतात. "काहून रे, पुन्हा पळून आलास का?" म्हणत पट्टा धरून ठेवणारा एक जण जरी चौकात असला तरी अर्धी काळजी मिटते.

घरचं जेवण मात्र त्या वेळेच्या आधी द्या. संध्याकाळी सातला जाणारं कुत्रं साडेसहाला जेवलं तर निम्मी ओढ कमी होते. सावजीतली शिजवलेली हाडं आतड्यात अडकतात, त्यांचे टोकदार तुकडे होतात, आणि मसाल्यात कांदा-लसूण असतो जो कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. हे पोट्ट्यांनाही सांगा, त्यांना माहीत नसतं.

एप्रिल, मे आणि नवतपा (मेअखेरीचे भाजून काढणारे नऊ दिवस)

पारा ४५ कडे जाऊ लागला की पळण्याच्या तक्रारी वाढतात. यामागे दोन गोष्टी आहेत. एक, फिरणं बंद झालेलं असतं. सकाळी आठला रस्ता तापतो, संध्याकाळी सातलाही डांबर गरमच, मग दिवसांमागून दिवस कुत्र्याचं बाहेर जाणं पाच मिनिटांवर येतं. अंगात साठलेली ताकद गेट उघडताच बाहेर पडते. दोन, अंगण भट्टी होतं. सिमेंटचा ओटा, पत्र्याची शेड आणि तिच्याखाली साखळीला कुत्रं. ते पळत नाही, सावली शोधतं.

फिरायला पहाटे पाचला न्या आणि रात्री नऊनंतर. उलटा हात रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजाला सोसणार नाही. भर दुपारी त्याला कूलरच्या खोलीत घ्या. घरात घेणं पटत नसेल तर निदान ओल्या गोणपाटाची सावली आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी, उलटणार नाही असं. डोक्याला काम द्या. रोजचा भात-चिकन ताटलीत न देता गोठवून द्या, किंवा जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत बिस्किटं लपवून शोधायला लावा. वीस मिनिटं नाक चालवलेलं कुत्रं तासभर झोपतं.

भिंतीखाली उकरून जाणारं कुत्रं या दिवसांत जास्त दिसतं, कारण खालची माती थंड असते. ते नुसतं उकरून तिथंच बसत असेल तर त्याला सावलीत उकरायला एक कोपरा देऊन टाका. उकरून बाहेरच जात असेल तर भिंतीच्या पायथ्याशी तारेची जाळी इंग्रजी एल अक्षराच्या आकारात वाकवा: एक बाजू भिंतीला, दुसरी दीड-दोन फूट आडवी अंगणाकडे, वरून माती आणि दगड. कुत्रं नेहमी भिंतीला लागूनच उकरतं. तिथं पंजे जाळीला लागले की मागे सरून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही.

उडी मारणाऱ्याचं निदान सोपं आहे. भिंतीजवळची कूलरची पेटी, कुंड्या, जुनी टाकी, उभी दुचाकी आधी हलवा. देशी कुत्रं पाच फुटांची भिंत एका उडीत क्वचितच पार करतं. ते आधी कशावर तरी चढतं आणि मग भिंतीवरून उतरतं. तरीही जात असेल तर भिंतीच्या माथ्यावर तार ओवून त्यात सैल फिरणारा पीव्हीसी पाइप बसवा. पुढचे पंजे टेकले की पाइप फिरतो आणि ते आत पडतं. काचा मात्र लावू नका. पंजा चिरतो, आणि घाबरलेलं कुत्रं तरीही जातंच.

आवाजाला भिऊन

दिवाळी सगळ्यांना आठवते. पण आपल्याकडे लग्नाच्या वरातीतल्या लडी, रामनवमीच्या शोभायात्रेचा डीजे, मारबतीचा गोंगाट आणि मे-जूनमधला मान्सूनपूर्व गडगडाट असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. भीतीनं पळालेलं कुत्रं सगळ्यात धोक्याचं. ते रस्ता बघत नाही, घराची दिशा विसरतं आणि हरवतं ते कायमचं.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत फिरवून आणा, तेही हार्नेस घालून. गळ्याचा पट्टा मागे झटका दिला की डोक्यावरून निघतो. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. उन्हाळ्यात वजन उतरलं की तोच पट्टा सैल होतो, तपासत राहा. घराच्या मधल्या खोलीत, जिथं खिडकी रस्त्याकडे नाही तिथं त्याचं अंथरूण ठेवा, कूलर किंवा पंखा मोठ्यानं चालू ठेवा. ते पलंगाखाली गेलं तर जाऊ द्या, ओढून काढू नका. जवळ घेतल्यानं भीती वाढते असं बरेच जण सांगतात, त्यात तथ्य नाही. जवळ आलं तर घ्या.

फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषधं आहेत, पण ती महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायची. दिवाळीच्या संध्याकाळी ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका. काही जुनी औषधं शरीर शिथिल करतात आणि भीती तशीच ठेवतात. कुत्रं हलू शकत नाही, पण सगळं ऐकत असतं.

साखळी

साखळीनं कुत्रं पळत नाही हे खरं. सुटलं की मात्र दुप्पट पळतं, आणि दिवसभर बांधलेलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावायला लागतं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हे दोन्ही गुन्हे आहेत. सुटलेलं कुत्रं कुणाला चावलं तर तेही तुमच्या अंगावर येऊ शकतं: जनावराबाबतचा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये येतो. गाडी धुताना अर्धा तास बांधलं तर त्याला कुणी साखळी म्हणत नाही. शॉकच्या पट्ट्यांबद्दल एवढंच सांगतो की झटका बसला त्या क्षणी समोर शेजाऱ्याचं लेकरू असेल तर कुत्रं झटक्याचा संबंध त्या लेकराशी जोडतं.

घर बदललं, किंवा रस्त्यावरून आणलं

महालातल्या वाड्यातून बेशाच्या किंवा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये गेलेल्यांची कुत्री पहिल्या महिन्यात सुटली तर जुन्या घराकडे निघतात. नव्या जागी पहिले काही आठवडे पट्ट्याशिवाय दाराबाहेर काढू नका, आणि जुन्या शेजाऱ्यांकडे फोन नंबर ठेवून या. गल्लीतून उचलून आणलेल्या मोठ्या देशी कुत्र्याचंही तसंच. त्याला आपला चौक, आपला भिडू, आपला ठेला ठाऊक असतो. रोज दोनदा पट्ट्यानं त्याच चौकातून फिरवून आणलं तर त्याची ओढ निवते. कोंडून ठेवलं तर वाढते. शहराच्या कडेला, गोरेवाड्याच्या बाजूला राहत असाल तर रात्री अंगणात मोकळं ठेवूच नका. तिकडे बिबटे आहेत, आणि कुत्रं त्यांचं आवडतं भक्ष्य.

हाक मारली की यायला हवं

"ये" हा शब्द आपण आंघोळीसाठी, औषधासाठी, रागावण्यासाठी वापरून वाया घालवलेला असतो. नवा शब्द निवडा किंवा शिट्टी घ्या. ती वाजली की प्रत्येक वेळी उकडलेल्या कलेजीचा तुकडा, एरवी ती कधीच नाही. आधी घरात, मग अंगणात, मग मोकळ्या मैदानात दहा मीटरची नायलॉन दोरी बांधून. परत आलेल्या कुत्र्याला ओरडायचं नाही, ते दोन तासांनी आलं असलं तरी. त्याला शिक्षा पळण्याची वाटत नाही, येण्याची वाटते.

समोरून पळत असेल तर मागे धावू नका. उलट्या दिशेला पळा, किंवा खाली बसून बिस्किटाचा पुडा फोडा.

पाटी, चिप, ट्रॅकर

सगळ्यात उपयोगी वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: पट्ट्यावर खिळ्यानं घट्ट बसवलेली, फोन नंबर कोरलेली पितळी पाटी. लोंबणारी पाटी झुडपात तुटते. कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, दोन नंबर हवेत. पट्टा नसलेलं पाळीव कुत्रं महापालिकेच्या गाडीतल्या माणसालाही गल्लीतलंच वाटतं.

मायक्रोचिपबद्दल मोठा गैरसमज आहे. तिच्यात बॅटरी नसते, ती नकाशावर कुत्रं दाखवत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती काचेची नळी. वाचकयंत्र अगदी जवळ धरलं की पंधरा आकडी क्रमांक देते. मालकी सिद्ध करायला उत्तम, शोधायला निरुपयोगी. एअरटॅगमध्येही जीपीएस नाही. जवळून कुणाचा आयफोन गेला तरच त्याचा ठावठिकाणा कळतो. धरमपेठेत तो चालेल, हिंगण्याच्या मोकळ्या माळावर रात्री दोनला चालणार नाही. सिमकार्डवाला खरा जीपीएस ट्रॅकर दोन्हीकडे चालतो, पण तो चार्ज करायला लागतो आणि लोक विसरतात.

आत्ता हरवलं असेल तर

एक जण घरी थांबा, गेट उघडं ठेवा. बाकीचे दोन दिशांना, आधी जवळच. पळालेली बरीच कुत्री पहिल्या काही तासांत घरापासून फार लांब नसतात. गाडीखाली, बांधकामाच्या जागेत, पुलाखालच्या पाइपात दबून बसतात. बांधकामावरची उघडी टाकी आणि विहीर आवर्जून बघा, उन्हाळ्यात पाण्यासाठी उतरतात आणि वर येता येत नाही. दहा पोरांची फौज घेऊन नाव ओरडत फिरलात तर घाबरलेलं कुत्रं आणखी आत सरकतं. ते दिसलं की खाली बसा, नजर टाळा, खाऊ टाका.

सापडलं नाही तर पहाटे चार ते सहा बाहेर पडा. रस्ते रिकामे असतात, आणि झाडू मारणाऱ्या ताई, पेपरवाले, दूधवाले त्या वेळी शहर बघत असतात. प्रत्येकाला फोटो दाखवा. व्हॉट्सॲपच्या मजकुरात भाग, तारीख आणि नंबर असू द्या. एक खूण मात्र राखून ठेवा, उदाहरणार्थ मागच्या पायाचं पांढरं नख. "कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला तीच विचारा. आसपासचे पशुवैद्य आणि महापालिकेचं नसबंदी केंद्र इथं स्वतः जाऊन या, फोनवर वर्णन जुळत नाही.

परत आलं की आधी थोडं थोडं पाणी, मग अंगभर हात फिरवून जखमा आणि गोचिडी बघा. गोचिडीतून येणारा ताप काही दिवसांनी दिसतो, तेव्हा खाणं सोडलं किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या तर रक्त तपासून घ्या. चावल्याची जखम असेल तर लस वेळेवर झालेली असली तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, हातात मोजे घालून, आणि त्याच दिवशी लसीचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. रेबीजचे पुढचे डोस लागतील का, ते कार्डावरची शेवटची तारीख बघून ठरवतात.